येळवशीची आरोळी



पत्रिकेवर आमचा विषय 'सुगीची सामूहिक गाणी' असा छापलेला आहे. विषय फार मोठा आहे आणि वेळ एक तासाचा. सगळ्या महाराष्ट्राची सुगी एका तासात आवरायची म्हटलं तर नुसती यादी होईल, आणि याद्या तुम्ही घरी वाचू शकता. म्हणून आम्ही आमच्या पायाखालच्या रानापुरतं बोलणार आहोत. लातूर जिल्हा, आणि त्याला लागून असलेला नांदेडचा देगलूर-मुखेड-कंधारकडचा पट्टा. त्यातही वर्षातला एकच दिवस, येळवस.

बाहेरगावची मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सरकारी कागदावर 'वेळा अमावस्या' म्हणतात आणि आमच्या तोंडी येळवस. डिसेंबरच्या अखेरीला नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला ती येते. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, एरवी तिथून चालणं मुश्कील. येळवशीला दुपारी बारा वाजता त्या गोलाईत उभं राहिलात तर कुत्रंसुद्धा दिसणार नाही. सगळं गाव रानात गेलेलं असतं. ज्यांना रान आहे ते आपल्या रानात, ज्यांना नाही ते दुसऱ्याच्या. हा शेवटचा भाग आम्ही सहज बोलून गेलो, पण आजचं खरं बोलणं तिथंच आहे. त्याच्याकडे परत येऊ.

याला सुगीचा सण म्हणतात. वर्तमानपत्रं म्हणतात, आम्हीही म्हणत आलो. पण नीट बघा, सुगी कुठे झालेली असते? खरीप घरात आलेलं असतं हे खरं. रब्बी मात्र उभी असते. आगाप पेरलेली ज्वारी हुरड्यात, मागास पेरलेली अजून पोटरीत. हरभरा घाट्यात. म्हणजे हा दाणा घरी आल्याचा सण नव्हे, दाणा पोटात असल्याचा आहे. भुई गरोदर आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, असं आमच्या आजीचं साधं स्पष्टीकरण होतं, आणि सीमेपलीकडे बिदरकडच्या बायाही तेच सांगतात. म्हणून त्या दिवशीचा स्वयंपाक डोहाळजेवणाच्या वळणाचा. आंबट-तुरट जास्त, आणि जे जे रानात त्या वेळी मिळतं ते ते सगळं त्यात. भज्जी घ्या. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याची भाजी, मेथी, शेंगदाणे, चिंच, डाळीचं पीठ. आदल्या रात्री बाया निवडायला बसल्या की कोंबडं आरवेपर्यंत उठत नसत. ज्वारीबाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, त्यात ताक आणि लसूण. ज्याने खाल्लेली नाही त्याला वर्णन सांगून उपयोग नाही.

रानात काय होतं तेही क्रमाने सांगतो, कारण गाणं त्यात गुंतलेलं आहे, वेगळं काढता येत नाही. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची खोप करतात. आत पाच दगड मांडून चुन्या-कावेने रंगवतात, ते पांडव. त्यांची पूजा होते, निवद दाखवतात. मग एक जण आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेतो, तिच्यावर घोंगडं किंवा नवं कापड पांघरलेलं. दुसरा पाण्याचा तांब्या घेतो, तिसरा उंडे आणि भज्जी. आणि ही मंडळी शेताच्या कडेकडेने चालू लागतात. पिकावर थोडं थोडं शिंपीत जायचं. याला 'चर शिंपणं' म्हणतात. चालताना पुढचा एक ओळ ओरडून म्हणतो आणि मागचे सगळे तिला जोडून दुसरी म्हणतात. सूर धरायचा नाही, ताल पायांचा. एका शेताची फेरी निघाली की शेजारच्या शेतातली ऐकू येते, तिच्या पलीकडची आणखी बारीक. शिवारभर एकच ओळ चाललेली असते, पण कोणाची कोणाशी जुळत नाही.

ती ओळ आम्ही इथे म्हणून दाखवणार नाही. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे वाट बघत आहेत हे आम्हाला दिसतंय. पण पंख्याखाली खुर्चीवर बसलेल्या माणसांसमोर ती म्हटली की ती ओळ राहत नाही, तिचा नमुना होतो. आम्ही आयुष्यभर वर्गात नमुने दाखवले, एवढा एक राहू द्या.

आता इतिहास. पहिली गोष्ट नावाची. 'वेळा' हा शब्द ऐकला की मराठी माणूस तो 'वेळ' या शब्दाशी जोडतो आणि मग काळवेळेच्या गोष्टी सांगू लागतो. पण कन्नडमध्ये या दिवसाला 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात आणि 'एळ्ळु' म्हणजे तीळ. तीळ या जेवणात आहेतच. म्हणजे आमचं गावठी समजलं जाणारं 'येळवस' हे मूळ शब्दाच्या जवळचं, आणि 'वेळा' हे शिकलेल्या माणसाने नंतर शुद्ध करून घेतलेलं. शुद्ध करण्याच्या नादात शब्दाचं मूळ हरवतं, त्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट 'चर'. विजयपूर, कलबुर्गी, बिदर भागात शेतात हे शिंपण्याला 'चरग' म्हणतात. आमचं 'चर' त्याच घरातलं. ज्या भांड्यातून आंबील नेतात ती बिंदगी, कन्नडमध्ये 'बिंदिगे', म्हणजे पाण्याचा हंडा. 'उंडे' हा शब्दही तिकडे गोळ्यासाठी जसाच्या तसा चालतो. आणि आरोळी? तिचे शब्द मराठी नव्हेत हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पलीकडच्या रानांतही तीच आरोळी आहे, दोन-चार अक्षरं इकडची तिकडे.

हे उसनं घेतलेलं आहे असं कोणी म्हणालं तर आम्हाला ते पटत नाही. उसनं घ्यायला दोन घरं लागतात. इथे घर एकच होतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. त्या दिवशी हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे झाले, हे तीन तालुके मराठवाड्यासह मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. बिदर म्हैसूर राज्यात गेलं. नांदेडकडे देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला. या सगळ्या तारखा परीक्षेला विचारतात. जे विचारत नाहीत ते असं की आमचे वडील शाळेत उर्दू शिकले, घरात मराठी बोलले आणि वर्षातून एक दिवस रानात कन्नड ओरडले. त्यात काही वेगळं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. वेगळं आम्हाला वाटलं, कारण आम्ही 1956 नंतर शाळेत गेलो.

आणखी मागे जाता येतं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, शके 1051, म्हणजे इसवी सन 1129 चा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंग्याच्या शेजारचं. त्या ग्रंथात गाण्यांचे प्रकार सांगताना राजा नोंद करतो की महाराष्ट्रातल्या बाया धान्य कांडताना ओवी गातात. मराठी बायकांच्या कामातल्या गाण्याची इतकी जुनी नोंद कोणी केली, तर कन्नड राजाने, संस्कृतात, आमच्या उशापायथ्याच्या गावात बसून. आम्ही हे विद्यार्थ्यांना सांगायचो तेव्हा काहींना ते थोडं लागायचं. लागू द्यावं.

आता आमच्या मूळ विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे. ज्या ओळीचा अर्थ म्हणणाऱ्याला कळत नाही, ती ओळ गाणं आहे का? आम्ही बिदरकडे जाऊन विचारलं. वाटलं होतं, तिकडे अर्थ शाबूत असेल, आपण तो घेऊन येऊ आणि एक निबंध लिहू. तिकडे तीन म्हाताऱ्यांनी तीन अर्थ सांगितले. एक म्हणाला, हे देवीला बोलावणं आहे. दुसरा म्हणाला, सांडा, उधळा असा अर्थ आहे. तिसरा आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, अर्थाचं काय करायचंय तुम्हाला, आंबील प्या. तेव्हा निबंध राहिला.

फ्रिट्स स्टाल नावाचे डच पंडित होते. त्यांनी 1975 साली केरळातल्या पांजाळ या गावी नंबुद्री ब्राह्मणांचं अग्निचयन पाहिलं, चित्रित केलं आणि पुढे मोठा सिद्धांत मांडला की कर्मकांडाला अर्थ नसतो, नियम असतात. मंत्र हे भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याच्या जवळचे आहेत. येळवशीची आरोळी स्टालांना आवडली असती. आम्हालाही काही वर्षं हे उत्तर पुरेसं वाटलं. आज वाटत नाही. कारण स्टालांच्या सिद्धांतात कोण म्हणतो याला महत्त्व नाही, नियम पाळला की झालं. आणि आमच्या रानात तर सगळं त्याच्यावरच आहे, की पहिली ओळ कोण म्हणतो आणि मागून कोण.

त्यासाठी दुसऱ्या एका गाण्याशी तुलना करावी लागेल. भलरी. रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमाराला काढायला येते. आमच्याकडे ती विळ्याने कापत नसत, मुळासकट उपटत. कंबर मोडणारं काम. दहा-वीस गडी ओळीने उभे, प्रत्येकाची पात ठरलेली. एक म्होरक्या भलरी सांगणार, बाकीचे झेलणार, आणि उपटण्याचा झटका त्या झेलण्यावर. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर यांनी 1896 साली काम आणि लय यांवर पुस्तक लिहिलं. गाणं कामाच्या लयीतून जन्मलं, असं त्यांचं म्हणणं. भलरीला हे तंतोतंत लागू पडतं. जात्यावरच्या ओवीलाही. ब्यूखरांनी मराठवाड्यातलं खळं पाहिलेलं नव्हतं, पण पाहिलं असतं तर त्यांना आनंद झाला असता.

पण कामातून जन्मलेलं गाणं कामाबरोबर मरतं. पिठाची गिरणी आली, जातं बंद पडलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी वेळेवर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर, म्हणून त्या निदान कागदावर आणि फितीवर आहेत. भलरीला तेवढंही नशीब मिळालं नाही. मळणी यंत्र आलं, त्याच्या आवाजात माणूस शेजारच्याला हाक मारू शकत नाही, तर गाणार काय? आणि मग सोयाबीन आलं. आज लातूर म्हटलं की सोयाबीनचा बाजार. सोयाबीन काढायचं ते गुत्त्याने, एकरी इतके ठरवून. ज्याला एकरावर पैसे आहेत तो पातीला पात लावून दुसऱ्याच्या लयीची वाट कशाला बघेल? त्याला पळायचं असतं. यात त्याची चूक नाही. रोजंदारीवरच्या गड्याला गाण्यात गुंगवून जास्त ओळी उपटून घ्यायची सोय भलरीत होती, हेही आम्ही विसरू नये. आमचे काही मित्र भलरीबद्दल फार गहिवरून लिहितात. त्यांच्यापैकी ज्वारी उपटलेले किती आहेत, असं आम्हाला विचारावंसं वाटतं.

येळवशीची आरोळी मात्र टिकली. कारण ती कामातून आलेली नाही. त्या दिवशी रानात काम करायचं नसतं, औत धरायचं नसतं. ब्यूखरांचा नियम तिथं थांबतो. हे गाणं हात चालवायला नाही, जागा घेरायला आहे. आपल्या शेताच्या चारी कडा पायांनी चालून, तोंडाने ओरडून पुन्हा आपल्या करायच्या. आता आपण मघाशी सोडून दिलेल्या प्रश्नाजवळ आलो. ज्याला कडाच नाहीत त्याने काय ओरडायचं?

मध्येच निजामी काळाबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्नोत्तरांत ते येणारच. 1929 सालच्या गश्ती निशान 53 ने संस्थानात सभा घ्यायची तर आगाऊ परवानगी लागू लागली. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकलं आणि त्यांतले कित्येक नागपूरला जाऊन शिकले. एकत्र गाणं ही तेव्हा राजकीय गोष्ट होती. म्हणून येळवशीलाही स्वातंत्र्यलढ्याचा मुलामा देणारे लेख आम्ही वाचले आहेत. रानात ओरडायला परवानगी लागत नव्हती एवढं खरं. पण आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी त्या आरोळीत निजाम पाहिला होता असं आम्हाला कधी ऐकायला मिळालं नाही. त्यांना भुई दिसत होती आणि पाऊस. संध्याकाळी दूध उतू घालतात ना, ते कोणत्या दिशेला उतू गेलं यावरून पुढच्या पावसाचा अंदाज, त्यावर वाद व्हायचे. राज्य कोणाचं यावर नाही.

तर मूळ प्रश्न. आमच्या घरी एक गडी सालाने राहायचे. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला मोडायचं, आणि ते परत आमच्याकडेच धरायचे, अशी पंचवीस-तीस वर्षं. आम्ही लेकरं त्यांना मामा म्हणायचो. येळवशीला आंबिलीची बिंदगी मामांच्या डोक्यावर. पहिली ओळ आमचे आजोबा, पुढे आमचे वडील म्हणायचे. मागची ओळ मामा आणि बाकीचे. मामांचा आवाज असा होता की तीन शेतं पलीकडे ओळखू यायचा. येळवशीला जातपात नसते, वाटसरूलाही ओढून जेवायला बसवतात, असं आम्ही सगळे अभिमानाने सांगतो. वाटसरूला बसवतात हे शंभर टक्के खरं. पण मामांचं बिऱ्हाड चिंचेखाली बसायचं आणि आम्ही खोपीजवळ. त्यांची भांडी वेगळी. आंबील त्यांनीच डोक्यावर आणलेली, पण खाली उतरली की ती वरून वाढायची. हे आम्ही लहानपणी पाहिलं आणि त्यात काही पाहण्यासारखं आहे हे आम्हाला कळलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे एका आवाजात ओरडत होतो, एवढंच आठवणीत राहिलं. गाण्याने आठवण गोड होते, आणि त्यामुळे गाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने स्वतःच्या आठवणीपासून जरा सावध राहावं लागतं.

एक वर्ष वेगळं होतं. 1972 चा पाऊस गेला. पुढची येळवस जानेवारी 1973 मध्ये आली. आम्ही तेव्हा औरंगाबादला शिकत होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. रानात ज्वारी नव्हती, ढेकळं होती. सगळं गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला. आमचे वडीलही. पंचेचाळीस एकरांचे मालक, डोक्याला पंचा गुंडाळून हातोडा मारत बसलेले. शेजारी मामा, त्यांची सून, गावातले पाटील, मांगवाड्यातली पोरं. त्या दिवशी कामावर सुट्टी घेतली तर हजेरी बुडणार. म्हणून दुपारच्या सुट्टीत तिथंच, खडीच्या ढिगाजवळ, कोणीतरी पाच दगड निवडून मांडले. चुना रस्त्याच्या कामाचाच होता, तो लावला. आंबील अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या पिठाची. ताक नव्हतं, जनावरं राहिली नव्हती, म्हणून चिंचेचं पाणी. चव आम्हाला अजून आठवते आणि ती चांगली नव्हती.

मग फिरायचं कशाभोवती, हा प्रश्न पडला. शेत नव्हतं. मामा उठले, त्यांनी मिलोच्या आंबिलीची घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि खडीच्या ढिगाभोवती चालू लागले. आणि पहिली ओळ त्यांनीच म्हटली. क्षणभर सगळे गप्प. पहिली ओळ म्हणणारे आमचे वडील तर समोर बसलेले होते. मग आमचे वडील उठले, मामांच्या मागे उभे राहिले आणि मागची ओळ म्हणाले. पन्नास-साठ माणसं त्या ढिगाभोवती फिरली. पिकावर शिंपायचं ते खडीवर शिंपलं. मुकादम बघत होता, तो कुठला तरी लांबचा होता, त्याला काहीच कळेना. जेवायला सगळे एकाच ओळीत बसले. जागाच तेवढी होती.

पुढे पाऊस झाला. 1973 च्या अखेरीला पुन्हा येळवस आली तेव्हा पहिली ओळ परत आमच्या वडिलांकडे होती. ती कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. मामांच्या डोक्यावर बिंदगी, चिंचेखाली त्यांचं बिऱ्हाड. आम्ही तेव्हा तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, समतेवर लांब लांब बोलणारे. आम्ही खोपीजवळ बसून जेवलो. हे सांगायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

किल्लारीबद्दल थोडंच बोलतो, त्यावर बोलणारे आमच्यापेक्षा अधिकारी लोक इथे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतरची येळवस जानेवारी 1994 ची. माणसं पत्र्याच्या निवाऱ्यांत होती. पुढे कित्येक गावं नव्या जागी वसवली गेली, पण शेतं होती तिथंच राहिली. आम्ही एका पुनर्वसित गावातल्या मंडळींबरोबर त्यांच्या रानात गेलो होतो. घरातली तीन माणसं गेलेला एक बाप्या चर शिंपत होता. तो ओरडला, आणि मागून ओळ यायला थोडा वेळ लागला. मागे जी माणसं असायची ती कमी झाली होती. शेजारच्या शेतातल्यांनी बांधावरून ती ओळ पुरी केली. आम्ही हे तेव्हा वहीत लिहिलं नाही. लिहायचं सुचलं नाही.

वहीचं सांगून थांबतो. 1980 च्या दशकात आम्ही निलंगा, उदगीर, देगलूर भागातल्या गावांत टेपरेकॉर्डर घेऊन फिरलो. बॅटरीचे सेल संपायचे, ते गरम करून पुन्हा घालायचो. त्या वह्या आमच्याकडे आहेत. निवृत्तीनंतर त्या पुन्हा वाचायला काढल्या. प्रत्येक गावाच्या नोंदीत 'गायक' म्हणून एक रकाना आहे, आणि त्यात शेताच्या मालकाचं नाव आहे. त्याच्या पुढे लिहिलंय 'व इतर आठ', 'व इतर बारा'. आमच्याच हस्ताक्षरात. मामांचं नाव आमच्या स्वतःच्या गावच्या पानावरसुद्धा नाही.

मग आम्ही जमेल तसं परत फिरलो. इतरांपैकी बहुतेक गेले होते. एका गावी एकाचा नातू भेटला, पुण्याला कंपनीत काम करतो, येळवशीला आवर्जून गावी येतो. त्याला जुनी फीत ऐकवली. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, सर, आजा जे म्हणतोय ते मालक म्हणतोय ते न्हाई. आम्ही म्हटलं, म्हणजे काय? तो म्हणाला, मागचे लोक शब्द बदलायचे. मालकाला ऐकू जायचं न्हाई, म्होरं असायचा ना तो. मग त्याने ते शब्द सांगितले. शुद्ध मराठीत होते, आणि त्यात मालकाच्या ज्वारीबद्दल एक आणि मालकाच्या हाताबद्दल एक अशा दोन गोष्टी होत्या, ज्या आम्ही या व्यासपीठावरून सांगणार नाही.

घरी येऊन आम्ही सगळ्या फिती पुन्हा लावल्या. कान देऊन ऐकलं की ते ऐकू येतं. सगळ्याच गावांत नाही, पण चार गावांत निश्चित. चाळीस वर्षं आम्ही पहिल्या ओळीचा अर्थ शोधत बिदरपर्यंत गेलो होतो, आणि दुसरी ओळ उतरवूनच घेतलेली नव्हती. आता ती उतरवायचं काम चालू आहे. दोन फिती बुरशी लागून खराब झाल्या आहेत, त्या दुरुस्त करून देणारा कोणी इथे असेल तर व्याख्यानानंतर आम्हाला जरूर भेटावं.